खरोखर शब्द खाल्लेला संपादक

आपलं म्हणणं चुकलं हे नमतं घेऊन कबूल करण्याला इंग्रजीत ‘हम्बल पाय खाणं’, ‘ईटिंग क्रो’ (कावळा खाणं), ‘आपलेच शब्द खाणं’ वगैरे म्हणतात. पण असं खरंच कुणी खातं का? तर हो, डेव्हिड फ्रिथने खाल्लंय! विस्डेन क्रिकेट मंथली या मासिकाचा हा तेव्हाचा संपादक १९८३च्या वर्ल्डकपआधी भारताची लायकी काढून बसला होता, मग कपिलच्या टीमने लॉर्ड्सवर १८३ डिफेंड करत वेस्ट इंडीजला १४०त गुंडाळलं आणि अमेरिकेतल्या एका भारतीय वाचकाने पत्र धाडलं की आता गिळा तुमचे शब्द. पठ्ठ्याने खरंच छापील कागद तोंडात कोंबला, वर वाइनचा घोट, आणि तो फोटो स्वतःच्याच मासिकात छापला. मानलं बुवा! १९४८मध्ये सगळी भाकितं खोटी ठरवत ट्रुमन अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जिंकल्यावर वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्रानेही कावळा खायला तयार असल्याचा बोर्ड लावलेला, पण ट्रुमनच नको म्हणाले, त्यामुळे ते सुटले.