एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या चारही संधी संपल्या, प्रवेश रद्द झाला. आता पुढचे कसे ठरवावे?

तापीकाठ (तालुका शिंदखेडा)

नमस्कार. मी २०२२ साली खान्देशाबाहेरच्या एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घेतला. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे विषय सुटले, पण शरीररचनाशास्त्र, म्हणजे ॲनाटॉमी, चारही वेळा राहिला. पहिल्या परीक्षेत ॲनाटॉमीचे दोन पेपर दिल्यावर मला डेंग्यू झाला आणि बाकीचे पेपर दवाखान्यातच बुडाले. गेल्या महिन्यात शेवटचा निकाल लागला. विद्यार्थी विभागात बोलावून ‘तुमचा प्रवेश आता चालू राहू शकत नाही’ असे तोंडी सांगण्यात आले आणि आठ दिवसांत वसतिगृहाची खोली रिकामी करायला लावली. लेखी काहीही हातात दिलेले नाही.

घरी फक्त आईला माहीत आहे. मी बॅग आणि हाडांचा संच घेऊन उतरलो तेव्हा तिने काही विचारले नाही. ‘पहिले जेवी ले, मंग देखूत’ एवढेच म्हणाली. वडिलांना सुटी आहे असे वाटते. गावात मला पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टर’ म्हणतात. परवा शेजारचे आजोबा साखरेचा रिपोर्ट घेऊन ओट्यावर येऊन बसले. उपाशीपोटीची साखर १८० होती. ‘बाबा, डॉक्टरांना दाखवा’ असे मी म्हणालो, तर ते हसून म्हणाले, ‘तुलेच ते दखाडी राहिनू ना!’ त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुन्हा ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यावी, बीएएमएसकडे (आयुर्वेदाच्या पदवीकडे) वळावे, डी.फार्म. (औषधनिर्माणाची पदविका) करावे, की साधी पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांच्या मागे लागावे, हे सगळे विचार एकाच वेळी डोक्यात आहेत. मामांचे म्हणणे वेगळेच आहे. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांच्या ओळखीच्या एका दवाखान्यात बसावे, ‘तीन वर्षे शिकला आहेस, सलाईन तर लावता येते’, असे ते सुचवतात. शैक्षणिक कर्जासाठी घर गहाण आहे. डेंग्यूमुळे अर्धवट राहिलेली परीक्षा संधी म्हणून मोजली जाते का, आणि मी आधी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना कारकून

मी एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात बावीस वर्षे काढली, त्यामुळे कागदांपुरते सांगतो.

पहिल्या वर्षासाठी चार संधींची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीतही कायम राहिली. त्याच नियमावलीत संपूर्ण अभ्यासक्रम प्रवेशापासून ९ वर्षांत संपवण्याचीही अट आहे. काही पेपर देऊन बाकीच्यांना गैरहजर राहिलेली परीक्षाही वापरलेली संधीच धरतात, म्हणून डेंग्यूच्या कागदांवर फार मोठी आशा बांधू नका. कोविडमुळे २०१९-२० च्या तुकडीला आयोगाने एक जादा संधी दिली होती. ती त्या काळापुरती सवलत होती. तिचा दाखला देऊन तुम्हालाही पाचवी संधी मिळवून देतो असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याला पैसे देऊ नका.

मात्र ‘तोंडी सांगितले’ यावर अजिबात थांबू नका. प्रवेश रद्द झाल्याचा आदेश, त्यातील कारण आणि नियमाचा उल्लेख लेखी द्यावा, असा अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. हा कागद नसेल तर बँक, पुढचे महाविद्यालय आणि गरज पडल्यास वकील, तिघेही तुम्हाला हेलपाटे घालायला लावतील. त्याच अर्जात बारावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र वगैरे जमा केलेल्या मूळ कागदांची यादी करून ते परत मागा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर मायग्रेशन प्रमाणपत्र लागेल आणि मधल्या वर्षांसाठी शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र करावे लागेल.

चौथ्या परीक्षेत थोडक्या गुणांनी राहिला असाल, तर उत्तरपत्रिका पाहून घ्या. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराखाली मिळणारी ‘माहिती’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. अर्ज नाशिकच्या याच विद्यापीठाच्या माहिती अधिकाऱ्याकडे करावा, कारण परीक्षा विद्यापीठाची असते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. बेरजेत चूक किंवा न तपासलेला प्रश्न सापडला, तरच उच्च न्यायालयाचा विचार करा. नुसत्या सहानुभूतीवर न्यायालये शैक्षणिक निकषांत सहसा हात घालत नाहीत आणि वकिलाची फी घराच्या गहाणखतात भर घालते.

बँकेलाही स्वतःहून कळवा. हप्त्यांची सवलत साधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यावर आणखी एक वर्ष धरून असते. शिक्षण मध्येच थांबले तर ती कधीपासून मोजणार, हे शाखेकडून लेखी घ्या. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) ठरते आणि मग बोलणी अवघड होतात. आधी गेलात तर हप्ता लहान करून मुदत वाढवण्याविषयी बोलता येते. हे काम वडिलांपासून लपवून होणार नाही. घर त्यांच्या नावावर असणार.

निवृत्त शिक्षिका, शरीररचनाशास्त्र

मी तीस वर्षे हाच विषय शिकवला, म्हणून तुमच्याशी थोडे कठोर बोलले तर वाईट वाटून घेऊ नका.

तुमचे दोन विषय सुटले, म्हणजे तुम्हाला अभ्यास जमत नाही असे नाही. मग ॲनाटॉमीच का राहिली, याचे उत्तर तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. लेखी पेपरात राहिलात की तोंडी परीक्षेत? हाड हातात दिल्यावर ते डाव्या बाजूचे की उजव्या, हे सांगताना जीभ अडखळते, की माहीत असूनही परीक्षकासमोर बोलवत नाही? विच्छेदनगृहात पहिल्या काही आठवड्यांत फॉर्मॅलिनच्या वासाने आणि मृतदेहाच्या दर्शनाने काही मुले मागच्या रांगेत सरकतात आणि वर्षभर तिथेच उभी राहतात. आकृतीवर ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे, पाठ असते, पण काखेत चिमट्याने मज्जातंतू वेगळा काढून दाखवता येत नाही. अशी मुले हुशार असूनही चार-चार वेळा राहिलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत चूक आम्हा शिक्षकांची होती, हेही कबूल करते.

हे विचारण्याचे कारण असे की, बीएएमएसकडे वळणे ही तुम्हाला वाटते तशी पळवाट नाही. त्यालाही नीट लागतेच, आणि पहिल्याच वर्षी रचना शारीर, म्हणजे तिथली ॲनाटॉमी, हा विषय विच्छेदनासकट समोर उभा राहतो. फिजिओथेरपीत तर स्नायू आणि सांधे हाच पाया आहे. ज्या दगडाला ठेच लागली तोच दगड दुसऱ्या दारातही असेल, तर आधी ठेच का लागली ते पाहावे.

नीट पुन्हा देण्यास वयाची वरची मर्यादा २०२२ पासून राहिलेली नाही, हे खरे. पण परीक्षा ७२० गुणांची आणि तिचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. भौतिकशास्त्राला तुम्ही तीन वर्षांत हात लावलेला नसणार. एक वर्ष देण्याआधी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा आणि आलेला आकडा वहीत लिहा. तो आकडा पाहून ठरवा. गावाला काय सांगायचे या चिंतेतून ठरवू नका.

झोप लागत नाही असे लिहिले आहे, ते मी नजरेआड करत नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येते. रात्री फार जड वाटले तर फोन करा आणि आईलाही उठवा.

तापीकाठ

मॅडम, आपण विचारले म्हणून सांगतो. लेखी पेपरात मी दोनदा पास होण्याइतके गुण मिळवले होते. राहिलो ते प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत. पहिल्याच दिवशी मला चक्कर आली होती आणि सगळे हसले होते. त्यानंतर मी टेबलाच्या पुढे कधी गेलोच नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

अमळनेरचा औषधवाला

भाऊ, मला कोणी काढले नव्हते, मी स्वतःच एमबीबीएस सोडून घरी आलो होतो. त्याला बरीच वर्षे झाली. आज माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून डी.फार्म.विषयी लिहितो, आणि मामांच्या सूचनेविषयीही.

मामांची सूचना आधी संपवतो. नोंदणी नसताना रुग्ण तपासणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पाड्यावर जवळपास दुसरा डॉक्टर नसतो, लोक हात जोडून येतात, आणि म्हणूनच तिथे सलाईनच्या बाटलीची चटक लवकर लागते. एखाद्या लेकराला इंजेक्शनची रिॲक्शन आली तर दवाखान्याचा मालक ‘हा कंपाउंडर होता’ म्हणेल आणि तुम्ही एकटे उराल. मामा प्रेमानेच सांगत असतील, पण त्यांना हे कलम वाचून दाखवा.

आता डी.फार्म. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि २०२२ च्या नियमांनी आलेली एक्झिट परीक्षा. प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, नीट लागत नाही. पुढे वाटले तर बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येते. तुमचे शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र इथे वाया जात नाही. औषधशास्त्र वाचताना मला तेच उपयोगी पडले.

पण ‘मेडिकल टाकले की झाले’ असे ज्यांना वाटते त्यांनी मे महिन्यात माझ्या काउंटरवर एक दुपार उभे राहावे. बाहेर ४४-४५ अंश, वीज गेलेली, आणि फ्रिजमधले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे. एच-वन यादीतल्या (जास्त कडक नियंत्रण असलेल्या) औषधांची वेगळी वही, त्यात डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव, आणि ती वही तीन वर्षे जपायची. मुदत संपत आलेला माल वेळेत परत पाठवला नाही तर तो तुमच्याच गळ्यात. नफ्याचा आकडा लोक समजतात त्याहून बराच लहान आहे आणि दुकान थाटायला भांडवल लागते, म्हणजे घर गहाण असताना पहिली काही वर्षे दुसऱ्याच्या दुकानात नोकरीच करावी लागेल. मला हे काम आवडते. मात्र पहिले दीड वर्ष प्रत्येक ओळखीचे गिऱ्हाईक ‘डॉक्टर व्हायला गेला होता ना?’ असे विचारायचे. एके दिवशी मी ‘हो, जमले नाही’ असे म्हणालो, तर समोरच्याने ‘बरं, खोकल्याचं काय आहे?’ असे विचारले.

स्पर्धा परीक्षेला पदवी हवी, आणि ती जळगावच्या विद्यापीठातून किंवा मुक्त विद्यापीठातून नोकरी करतानाही होते, म्हणून तो रस्ता आज निवडला नाही तरी बंद होत नाही.

मला विचाराल तर वडिलांना याच आठवड्यात सांगा. बँकेचे पत्र पोस्टमनने त्यांच्या हातात दिले, तर दुःख निकालाचे कमी आणि लपवल्याचे जास्त होईल.

तापीकाठ

आपण सगळ्यांनी वेळ काढून लिहिले, आभारी आहे. रविवारी कापूस वेचताना वडिलांना सांगितले. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, ओळ संपेपर्यंत वेचत राहिले, आणि मग फक्त ‘घराचे कागद कधी सुटतील?’ असे विचारले. सोमवारी आम्ही दोघे बँकेत गेलो. साहेबांनी रद्द आदेशाची प्रत मागितली, म्हणजे कारकून काकांचे म्हणणे पहिल्याच दिवशी खरे ठरले. तो अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज, दोन्ही रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आहेत. मामांना नकार कळवला. ते रागावले आहेत.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे जुनी नीटची प्रश्नपत्रिका सोडवली. भौतिकशास्त्राचा आकडा इथे लिहिण्यासारखा नाही. डी.फार्म.चा अर्ज भरण्याचे मनात आहे, पण त्याआधी ते काम जवळून पाहायचे आहे. अमळनेरच्या दादांची हरकत नसेल तर पुढच्या आठवड्यात एक-दोन दिवस दुकानावर येऊन उभा राहतो. कोणत्या वेळी यावे, ते कळवावे.

अमळनेरचा औषधवाला

सकाळी दहाला या, डबा घेऊन या. दुपारी दोनला गर्दी ओसरते, तेव्हा मुदत तपासायची खोकी तुमच्याच पुढे ठेवतो.