मदत हवी आहे: यॉर्कमध्ये आईबाबांना कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे इंग्लंडमध्ये यॉर्कला येताहेत. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे नॅशनल रेल्वे म्युझियम ठरलेलंच. १९३८ मध्ये ताशी १२६ मैल धावलेलं ते निळं 'मॅलार्ड' इंजिन त्यांना अगदी जवळून दाखवायचंय. तिथं अख्खा दिवस गेला तरी चालेल, तो दिवस बाबांचाच.

प्रश्न आईचा आहे. गुडघे दुखतात, पण तिला समुद्र बघायचाय. पिकरिंगहून समुद्रकाठच्या व्हिटबी गावाला वाफेच्या गाडीनं जावं म्हणते. डब्याची पायरी फार उंच असते का? तिथल्या टेकडीवरच्या ॲबीच्या (जुन्या ख्रिस्ती मठाच्या) १९९ पायऱ्या तिला जमणार नाहीत. थेट वरपर्यंत बस जाते का? ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.