मदत हवी आहे: डॉक्युमेंटरी फेस्टिव्हलसाठी स्क्रीनिंग राइट्स कसे घ्यायचे?

आम्ही काही जण मिळून निर्वासित, युद्ध, दुष्काळ या विषयांवरचा दोन दिवसांचा छोटा डॉक्युमेंटरी फेस्टिव्हल करतोय, २० जूनच्या जागतिक निर्वासित दिनाच्या आसपास, एंट्री फ्री. आज जगात १२ कोटींच्या आसपास माणसं घरदार सोडून विस्थापित झालीयेत आणि आपल्यापर्यंत पोचते ती फक्त बातमीतली एक ओळ, म्हणून मनापासून करायचंय हे.

अडलंय ते राइट्सवर. घरच्या सबस्क्रिप्शनवर बघता येणारी फिल्म हॉलमध्ये दाखवायला वेगळं लायसन्स लागतं, तिकीट नसलं तरी, एवढं कळलंय. पण मेल कुणाला करायचा, डायरेक्टरला की डिस्ट्रिब्युटरला? आणि कम्युनिटी स्क्रीनिंगसाठी फी कमी करून मिळते का, मागायची कशी?

दुसरं म्हणजे, सीरियाच्या युद्धात वेढा पडलेल्या अलेप्पो शहरातल्या हॉस्पिटलमध्ये शूट झालेली 'फॉर समा' (२०१९) ही डॉक्युमेंटरी दाखवायची खूप इच्छा आहे, त्यात जखमी लहान मुलं अगदी जवळून दिसतात, मग सुरुवातीला सूचना द्यायची हे नक्की, पण नंतर लगेच चर्चा ठेवावी का थोडा ब्रेक द्यावा? मला वाटतं ब्रेक हवाच. कुणी असं स्क्रीनिंग केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.