मदत हवी आहे: प्रतिवेदक मॅडमच्या निरोपाचं मानपत्र

नमस्कार मंडळी. मी विधिमंडळ सचिवालयात आहे. आमच्या एक ज्येष्ठ प्रतिवेदक मॅडम ३१ तारखेला निवृत्त होताहेत आणि मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: सभागृहात जे बोललं जातं ते शब्दशः टिपून घेणारे ते प्रतिवेदक. काही मिनिटांची पाळी, की लगेच दुसरा बसतो. विधानसभेत २८८ सदस्य. त्यातले चार जण एकदम उठून बोलू लागले की कोण काय म्हणालं हे मॅडम मान वर न करता, नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. टोक केलेल्या तीन पेन्सिली शेजारी, चौथी अंबाड्यात. हिवाळी अधिवेशनासाठी दरवर्षी घरदार सोडून नागपूर. आणि इतकं करून कामकाजाच्या त्या जाडजूड खंडांत स्वतःचा एक शब्द नाही.

नेहमीचा मसुदा (‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ...’) त्यांना दाखवला, तर हसून म्हणाल्या, “विशेषणं कामकाजातून काढून टाका.”

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. विशेषणांशिवाय मानपत्र कसं लिहावं? कुणी लिहिलं असेल तर सुरुवात कशी केलीत ते सांगा. आणि शाल-श्रीफळ सोडून काय द्यावं? त्यांच्या पहिल्या अधिवेशनातलं एखादं पान फ्रेम करून द्यावं असं माझ्या डोक्यात आहे, पण सेक्शनमधले म्हणतात भिंतीवरचं घड्याळच बरं. वर्गणी दोनशे रुपये माणशी, त्यातच बसवायचंय. शुक्रवारपर्यंत सुचवा, प्लीज.