रजिस्टर सुटत नाही, टॅब चालत नाही: मेळघाटातला एक प्रश्न

डोंगरवाट:
पुण्यात ९ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. जूनपासून धारणी तालुक्यातल्या एका संस्थेत आहे, काम कुपोषित मुलांच्या नोंदींचं. २०१६ साली डिजिटल गाव म्हणून गाजलेलं हरिसाल याच तालुक्यात, म्हणून येताना वाटलं होतं की निदान रेंज तरी असेल! रेंज आहे, ऑफिसच्या गच्चीवर, टाकीशेजारी. ६ टॅबपैकी २ दुपारीच मान टाकतात.

म्हणून कोबो या माहिती गोळा करायच्या अ‍ॅपचे फॉर्म ऑफलाइन लावले. गावात भरायचे, परत आलं की पाठवायचे. तरी गावात नोंदी घेणाऱ्या ताया आधी रजिस्टरमध्ये लिहितात आणि संध्याकाळी तेच टॅबवर उतरवतात. बैठकीत विषय काढला तर सगळे गप्प, मग "बघू सर". (इथे सगळे एकमेकांना ताई-दादा म्हणतात. सर मी एकटाच.) काय चुकतंय?

धडगावकरीण:
टॅबमधली नोंद उडाली तर बोलणी कोण खातं? ताईच ना? आमच्याकडे एकाने जागा करायला म्हणून अ‍ॅपच काढून टाकलं, न पाठवलेले सगळे फॉर्म गेले. त्यानंतर मीही वही सोडली नाही.
बैठकीत विचारू नका, एक दिवस सोबत चाला. मूल रडतंय, आई त्याला धरून बसलीय, तुमच्या हातात दंडघेराची पट्टी. ११.५ सेंमीच्या खाली गेलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. टॅब तिसऱ्या हातात धरायचा का?

जुनाखेळाडू:
जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण दाट झाडीत वेळ खातं. ते सक्तीचं ठेवू नका. फोटोचा आकार फॉर्ममध्येच कमी करून ठेवा, बाकी काय ते ताईंनी सांगितलंच.

डोंगरवाट:
मंगळवारी गेलो. घरात सगळं कोरकूत चाललेलं, ताई मनातल्या मनात मराठी करून लिहीत होत्या. जन्मतारीख विचारली तर आई म्हणाली, होळीच्या आधी. माझ्या फॉर्ममध्ये पूर्ण तारखेशिवाय पुढे जाताच येत नाही, म्हणून ताया सरळ १ जानेवारी टाकतात. रजिस्टरमध्ये मात्र "होळी आधी" असंच लिहिलेलं.
दुसरं म्हणजे, दिवाळीनंतर "घर बंद" फार वाढलंय म्हणून मी कुरकुर करत होतो. कुटुंबं कामाला बाहेर गेलीत, आणि फॉर्ममध्ये तो पर्यायच नाही. वहीत नावापुढे बारीक बाण काढलेला असतो, म्हणजे गेले. मला सहा महिने कोणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं. पर्याय काल घातला.

आता १ जानेवारीवाली ३७ मुलं समोर आहेत. फॉर्ममध्ये नुसता महिना-वर्ष घेतलं, तर जुन्या नोंदी त्याला जोडायच्या कशा? की रजिस्टर घेऊन ताईंसोबत बसून एकेक दुरुस्त करू?

धडगावकरीण:
बसा. चहा तुमच्याकडून.