क्लबहाऊसचा दिवा रात्री दीडपर्यंत कोण चालू ठेवतं?

ग्रुप : आपली सोसायटी (फक्त महत्त्वाचे)

सोमवार

कुलकर्णी ए-१०१, सकाळी ७:१२
सर्व सभासदांस नमस्कार. काल रात्री १:३५ ला क्लबहाऊसच्या दोन्ही ट्यूब चालू होत्या. परवाही होत्या. वेळ रात्री १० पर्यंत, असं बोर्डावर स्वच्छ लिहिलेलं आहे. क्लबहाऊसचं मीटर कॉमन आहे, बिल सगळे भरतात. संबंधितांनी खुलासा करावा.

निकम सी-२०२, ७:१५
काका, दीड वाजता तुम्ही काय करत होता 😄

कुलकर्णी ए-१०१, ७:१६
वयोमानानुसार उठावं लागतं. खुलासा करावा.

मोरे बी-१०४, ७:२०
🌹 शुभ सकाळ 🌹 आजचे श्री त्र्यंबकेश्वर दर्शन 🙏

गायकवाड सी-४०१, ७:३१
सीसीटीव्ही बघा की. का तोही बंदच आहे? बंद असेल तर एजीएमला मंजूर केलेले पैसे कुठे गेले, हेही सांगा.

बोरस्ते (सेक्रेटरी), ७:४४
गायकवाड साहेब, कॅमेरे चालू आहेत. फक्त क्लबहाऊसकडचा नाही. संक्रांतीला गच्चीवरून पतंग काढताना पोरांनी वायर तोडली. कोणाची पोरं ते मी ग्रुपवर बोलत नाही.

गायकवाड सी-४०१, ७:४५
बोला ना.

वैद्य काकू बी-४०३, ७:५८
भावजी, मीच ती. आधी विचारायला हवं होतं, चुकलंच. सई शुक्रवारी रात्रीच्या विमानाने एडिंबराला शिकायला चालली आहे, तिचा स्वेटर विणते आहे. आमच्या हॉलमध्ये पिवळा दिवा आहे, त्या उजेडात नेव्ही ब्लू आणि काळा एकच दिसतो. गेल्या आठवड्यात अकरा फेऱ्या निळ्याच्या जागी काळ्याने विणल्या. सकाळी उन्हात धरला तर छातीवर सुतकाचा पट्टा. ३०८० टाके उसवले. तेव्हापासून खाली येऊन बसते, तिथली ट्यूब पांढरी आहे.

गायकवाड सी-४०१, ८:०१
काकू, पांढरा बल्ब शंभर रुपयांत येतो.

वैद्य काकू बी-४०३, ८:०३
आणला होता. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांना तो टोचतो. काढला.

शिल्पा सी-३०१, ८:०४
थांबा थांबा. अकरा फेऱ्यांत ३०८० म्हणजे २८० टाक्यांचा घेर? आणि दोन रंगांत? काकू!!

वैद्य काकू बी-४०३, ८:०६
हो गं. २८ टाक्यांची नक्षी, दहा वेळा. दर फेरीला दोन धागे बरोबर चालवायचे. मागचा धागा पाच टाक्यांपेक्षा जास्त मोकळा सोडायचा नाही, नाहीतर घालताना अंगठी अडकते. सगळे रंग मिळून सात आहेत, पण एका फेरीत दोनच.

निकम सी-२०२, ८:१०
काकू, स्कॉटलंडला नाशिकहून स्वेटर? हे म्हणजे निफाडला द्राक्षं पाठवणं झालं 😂

वैद्य काकू बी-४०३, ८:१२
तुम्ही पुण्याला बहिणीकडे मिसळीचा मसाला घेऊन जाता, तसंच.

पगार सर ए-३०४, ८:२९
निकमांच्या विनोदात तथ्य आहे. वहिनी ज्या पद्धतीचं विणत आहेत तिला फेअर आयल म्हणतात. हे स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधलं बेट. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, लोकवस्ती शंभराच्या आत. तिथल्या बायका मच्छीमारांसाठी असे स्वेटर विणत. १९२२ साली ब्रिटनच्या युवराजाने सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना असा स्वेटर घातला आणि एकदम फॅशन आली. हाच पुढे आठवा एडवर्ड, ज्याने लग्नासाठी राज्य सोडलं. एका फेरीत दोनच रंग हा त्यांचा जुना दंडक. मागे दोन धाग्यांचे थर होत असल्याने वीण जास्त उबदार

पगार सर ए-३०४, ८:२९
(चुकून पाठवला गेला. पुढचं नंतर लिहितो.)

कुलकर्णी ए-१०१, ८:३४
सर, माहिती उत्तम. मूळ मुद्दा : मीटर कॉमन आहे.

जाधव बी-२०१, ८:४०
काका, दोन ट्यूब २० वॅटच्या. रात्री १० ते १:३० म्हणजे ०.१४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी १ रुपया ४० पैसे. बारा रात्री झाल्या असतील तर १६ रुपये ८०.

कुलकर्णी ए-१०१, ८:४१
प्रश्न रकमेचा नाही.

निकम सी-२०२, ८:४१
कधीच नसतो.

वैद्य काकू बी-४०३, ८:५०
सोसायटीच्या खात्यावर ५१ रुपये पाठवलेत. शुक्रवारपर्यंतचे धरून.

शिंदे मॅडम (खजिनदार), ९:१५
काकू, आले. पण पावती कोणत्या हेडखाली फाडू? ‘क्लबहाऊस वापर’ हे एकच हेड आहे आणि त्याचे ५०० आहेत.

गायकवाड सी-४०१, ९:१६
५००?? आरवच्या वाढदिवसाला माझ्याकडून १००० घेतले!

शिंदे मॅडम (खजिनदार), ९:१८
रविवार होता. आणि स्पीकर होता.

गायकवाड सी-४०१, ९:१९
स्पीकर माझा होता, सोसायटीचा नव्हता. बी विंगच्या डोहाळजेवणाला किती घेतले, ते टाका ग्रुपवर.

अहिरे मॅडम बी-२०३, ९:२२
आमच्या सुनेचं डोहाळजेवण यात आणायची गरज नव्हती.

गायकवाड सी-४०१, ९:२३
*हा संदेश डिलीट केला आहे*

अहिरे मॅडम बी-२०३, ९:२४
वाचला मी.

बोरस्ते (सेक्रेटरी), ९:३०
सर्वांना नम्र विनंती, ग्रुप फक्त महत्त्वाच्या सूचनांसाठी आहे 🙏 काकूंना शुक्रवारपर्यंत विशेष परवानगी. ५१ रुपये देणगी म्हणून धरू.

कुलकर्णी ए-१०१, ९:३३
परवानगी लेखी असावी. मीटर कॉमन आहे.

मंगळवार

शिल्पा सी-३०१, दुपारी १२:०५
आज संध्याकाळी ६ ला काकू क्लबहाऊसमध्ये स्वेटर कापणार आहेत. यायचं त्यांनी या. पण आत बोलायचं नाही.

निकम सी-२०२, १२:०६
कापणार??

अहिरे मॅडम बी-२०३, १२:०९
अगं बाई. बिघडला का?

वैद्य काकू बी-४०३, १२:२०
बिघडला नाही हो. खालपासून खांद्यापर्यंत नळ्यासारखा सलग विणलाय, म्हणजे नक्षी कायम सुलट बाजूने दिसते, उलट ओळ येतच नाही. बाह्यांच्या जागी आठ-आठ टाके जादा घेतलेत, पांढरा-निळा आलटून पालटून. त्यांच्या मधोमध कात्री चालवायची आणि त्या भोकातून टाके उचलून बाही खांद्याकडून मनगटाकडे उतरवायची. तिकडे जुन्या बायका अशाच करतात. लोकर शुद्ध आहे, कुलूहून लडी आणल्या होत्या. तिचे केस एकमेकांना धरून राहतात, सुटत नाहीत. ॲक्रिलिक असतं तर हिंमत केली नसती. तरी मनाच्या समाधानाला दोन्ही कडांना क्रोशाची साखळी घातली आहे.

मोरे बी-१०४, १२:२४
ताई, मंगळवारी कात्री लावू नये. बुधवारी कापा.

वैद्य काकू बी-४०३, १२:२५
बुधवारी कापला तर बाह्या कधी विणू?

मोरे बी-१०४, १२:२६
तेही खरं. 🙏

कुलकर्णी ए-१०१, १२:४०
संध्याकाळी ६ म्हणजे वेळेत आहे. हरकत नाही. १० नंतरची हरकत कायम.

शिल्पा सी-३०१, संध्या. ६:४८
कापला. एक टाका सुटला नाही 😭 काकूंचा हात हलला नाही, बाकी सगळ्यांचे हलत होते. निकमभाऊंना बाहेर नेऊन पाणी पाजलं.

निकम सी-२०२, ६:५०
तीन महिन्यांच्या कामात कात्री घालताना बघवत नाही हो. मला आमच्या बाईकची टाकी कापल्यासारखं झालं.

गायकवाड सी-४०१, ६:५५
बाईकवरून आठवलं. निकमांची बाईक आजही माझ्या स्लॉटमध्ये अर्धी आहे.

शिल्पा सी-३०१, ७:१०
आता हिशोब ऐका. बाही वर १२४ टाके, मनगटाला ६०. साधारण १३५ फेऱ्या. एका बाहीला बारा हजारांवर टाके. काकूंचा वेग मिनिटाला २५, म्हणजे एका बाहीला आठ तास, दोन्हींना सोळा. नंतर धुणं, वाळवणं. आणि काकूंचं मनगट कालपासून सुजलंय.

अहिरे मॅडम बी-२०३, ७:१४
वैद्य ताई, बर्फ लावा आणि आज रात्री हात ठेवा खाली. ऐकणार नाही माहीत आहे, तरी लिहिते.

शिल्पा सी-३०१, ७:१६
म्हणून दुसरी बाही मी घेतेय. ऑफिसात बुधवार-गुरुवार सुट्टी टाकली. काकूंनी चाचणीला तुकडा विणून घेतला. माझा हात सैल, १० सेंटीमीटरला त्यांचे २८ टाके येतात, माझे २६. मला ३ मिलिमीटरच्या जागी पावणेतीनची सुई दिली, आता जुळतंय.

पगार सर ए-३०४, ७:३०
कालचं राहिलेलं : वीण जास्त उबदार होते.

बुधवार

शिल्पा सी-३०१, सकाळी ११:२०
सांगायला लाज वाटते, पण चार बोटं विणलेलं उसवलं. माझ्या बाहीवरची फुलं फिकी दिसत होती. लोकर तीच, नक्षी तीच. काकूंनी लांबूनच ओळखलं : मी निळा धागा वरून आणत होते. जो धागा खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात, तोच रंग उठून दिसतो. फुलाचा रंग कायम खालून!

जाधव बी-२०१, ११:३१
हे मस्त आहे.

निकम सी-२०२, ११:३५
आत्ता खिडकीतून डोकावलो. एकच स्वेटर, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला शिल्पा, मधे स्वेटर ताणलेला. एकीने फिरवला की दुसरी ओरडते.

वैद्य काकू बी-४०३, ११:४०
पाच पाच मोज्याच्या सुया आहेत दोन्हीकडे. डोळ्यात जायची भीती, जवळ येऊ नका.

निकम सी-२०२, रात्री १०:२५
ब्रेकिंग न्यूज. कुलकर्णी काका १० वाजता क्लबहाऊस बंद करायला गेले. अजून बाहेर आले नाहीत.

गायकवाड सी-४०१, १०:२६
भांडण?

निकम सी-२०२, १०:२८
नाही. खुर्चीवर बसलेत, दोन्ही हात पुढे, त्यावर पांढऱ्या लोकरीची लडी. काकू गुंडा करतायत. फोटो काढला पण टाकत नाही, शेजारधर्म.

कुलकर्णी ए-१०१, १०:५१
मी दिवा बंद करायला गेलो होतो. लडी गुंतलेली होती. आमच्या आईची धरत असे, सवय आहे. यातून १० नंतरच्या वापरास माझी संमती आहे असा अर्थ काढू नये.

निकम सी-२०२, १०:५२
मीटर कॉमन आहे ना काका?

कुलकर्णी ए-१०१, १०:५२
आहे.

गुरुवार

वैद्य काकू बी-४०३, संध्या. ५:३५
झाला. गळापट्टीसकट. धाग्यांची टोकं शिल्पा खोचते आहे, ९४ मोजली. आता कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायचा आणि मापाला ओढून आडवा पसरायचा. टांगला तर ओल्याच्या वजनाने गुडघ्यापर्यंत येईल. भिजवल्याशिवाय नक्षी बसत नाही, आत्ता छातीवर सुरकुत्या आहेत. रात्री टेबल टेनिसच्या टेबलावर ठेवते. सकाळी गच्चीचं ऊन मिळालं तर बरं.

गायकवाड सी-४०१, ५:३८
गच्ची पतंगांपासून बंद आहे. माझ्या पोराला टोचून झालं त्यावरून.

बोरस्ते (सेक्रेटरी), ५:४०
मी नाव घेतलं नव्हतं साहेब.

अहिरे मॅडम बी-२०३, ५:४४
गच्ची उघडणार असाल तर माझ्या बटाट्याच्या कीसाचं काय? दोन वेळा विचारलं, नाही म्हणालात.

कुलकर्णी ए-१०१, ५:५२
गच्चीची किल्ली माझ्याकडे असते. लेखी अर्ज लागतो. वैद्य वहिनी, सकाळी ८ ला उघडतो. अर्ज नंतर द्या.

अहिरे मॅडम बी-२०३, ५:५३
वा.

शुक्रवार

शिल्पा सी-३०१, सकाळी ९:१०
गच्चीवर चादर, चादरीवर स्वेटर, स्वेटरशेजारी काकू खुर्ची टाकून. कबुतरं हाकलायला कुलकर्णी काका. ऊन आहे, पण हवा गार आहे. अंग वाळलं, बाह्या ओल्या.

जाधव बी-२०१, ९:१५
हेअर ड्रायर?

वैद्य काकू बी-४०३, ९:१६
नको रे बाबा.

निकम सी-२०२, १०:४०
सई किती वाजता निघणार? कसारा घाटाने जाऊ नका, इगतपुरीहून समृद्धी धरा.

गायकवाड सी-४०१, १०:४२
समृद्धी आमण्याला सोडते, पुढे भिवंडीचं ट्रॅफिक तेच.

निकम सी-२०२, १०:४३
घाटात ट्रक आडवा झाला की चार तास. निर्णय तुमचा.

गायकवाड सी-४०१, १०:४४
तुम्हाला पार्किंगमध्ये सरळ लावता येत नाही, तुम्ही घाट शिकवू नका.

बोरस्ते (सेक्रेटरी), १०:४५
🙏🙏

वैद्य काकू बी-४०३, दुपारी २:५०
इगतपुरीचा बोगदा संपला. सईने गाडीतच घातलाय. उजवी बाही मनगटाला अजून दमट आहे, ती खिडकीबाहेर हात धरून बसली आहे. अंगात नीट बसला. डावी बाही शिल्पाची, उजवी माझी, तिला ओळखता आलं नाही. मला येतं, पण बोलले नाही.

शिल्पा सी-३०१, २:५२
काय ओळखू येतं काकू?

वैद्य काकू बी-४०३, २:५५
कोपराशी एक फूल उलटं आहे गं. राहू दे.

कुलकर्णी ए-१०१, ३:३०
टेबल टेनिसच्या टेबलाखाली एक सुई सापडली, दोन्ही टोकांना अणकुचीदार. कोणाच्या पायात गेली असती. माझ्याकडे ठेवली आहे. रविवारी १० ते ११ मध्ये न्यावी.

वैद्य काकू बी-४०३, ३:३४
ठेवा तुमच्याकडेच भावजी. मार्चात धाकट्या नातवाचा सुरू करायचाय, तेव्हा घेते.

कुलकर्णी ए-१०१, ३:३६
किती रंगांचा?