गडगा आणि पावसाचं पाणी

खालच्या शेजाऱ्याने हद्दीवरचा जुना गडगा (दगड नुसते रचून केलेला बांध) पाडून सिमेंटची भिंत घातली आणि पावसाचं पाणी तुमच्या कलमांच्या बागेत तुंबतंय, हे तुमच्या प्रश्नात वाचून वाईट वाटलं. चिऱ्याच्या सुक्या गडग्यातून पाणी झिरपून जातं, शिवाय आपले जुने लोक खाली पाणी जायला मोरी ठेवायचे. भिंत आली की दोन्ही वाटा बंद.

हद्द आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र करू नका. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. लगतच्या धारकांना नोटीस जाते, त्यामुळे शेजाऱ्यासमोरच खुणा ठरतात. सातबारावर क्षेत्र कळतं, हद्द नाही.

पाण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. शेतीच्या किंवा झाडांच्या जमिनीवरून नैसर्गिक उताराने जाणारं पाणी अडवलं, तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. पण दावा 6 महिन्यांच्या आत हवा, हे फार जणांना उशिरा कळतं. भर पावसात, पाणी तुंबलेलं असतानाच फोटो काढा आणि पंचनाम्याची मागणी करा.

आमच्या गुहागरच्या वाडीत मात्र दावा लागलाच नाही. वाडीतल्या दोन जाणत्यांना घेऊन, भिंत घातलेल्या काकांकडे गेलो, भिंतीत मोऱ्या पाडायचा निम्मा खर्च आम्ही उचलला. आधी तेवढं करून बघा, पण तारखेवर लक्ष ठेवून.